अडीच-पावणेतीन किलोमीटरचं विमान

सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील आलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं जगातलं सगळ्यात छोटं विमानोड्डाण. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. खाली आपल्या मंडळींच्या कमेंटा. "रिक्षानं जा की बे!" "गोऱ्यांचे चोचले." आणि हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग.

माझं डोकंच फिरलं. अरे, मध्ये समुद्र आहे! आणि हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसांनी बोलावं?

माझी मावशी करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर राहते. तिची लेक समोर इंदापूरच्या बाजूला दिलेली. रात्री पलीकडचे दिवे मोजता येतात. होडीनं गेलं तर थोडा वेळ, रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा, एसटी बदलत बदलत अख्खा दिवस. लेक बाळंत झाली तेव्हा मावशी डिंकाच्या लाडवांचा डबा फडक्यात बांधून काठावर बसली होती. वारं सुटलं, होडीवाला म्हणाला, "आज नाय जमायचं." बसली तशीच अंधार पडेपर्यंत.

आता सांगा, अंतर किती धरायचं?

त्या विमानाचं काय चुकलं? १९६७ पासून चालू आहे. आठ प्रवाशांचं आयलंडर विमान, पायलटच्या पाठीला गुडघे टेकवून बसल्यासारखं. पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आत. त्यातून शिक्षक जातात, डॉक्टर जातात, तपासणीला निघालेले म्हातारे जातात. चोचले म्हणे!

बरं, सरकारी पैशावर चालतं, तिकिटातून खर्च निघत नाही, मान्य. बेटांमध्ये बोटही आहे, तेही मान्य. पुढं?

मावशीकडच्या होडीत मीही बसलोय. फळ्यांवर दोन मोटारसायकली उभ्या, ज्याची त्यानं हँडल धरून ठेवायची. एका बाईच्या मांडीवर करडू. लाइफ जॅकेट कुणाच्याच अंगावर नाही, आणि मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण सगळेच तसे बसलेले. मग २१ मे २०२४ ला याच उजनीत, करमाळ्याकडच्या कुगावहून पलीकडे कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्या संध्याकाळी मावशीचा फोन लागेपर्यंत घरात कुणी जेवलं नाही.

विमानतळ आपल्यालाही हवाच होता. २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातून गोव्याचं विमान सुटलं तेव्हा स्टेटस मीही ठेवलं. पण होटगी रोडच्या धावपट्टीचं मावशीला काय?

असो. चिडून लिहितोय खरं, पण तुमच्यावर राग नाही. सोलापुरात राहणाऱ्याला पाणी म्हणजे चार-पाच दिवसांनी नळाला येणारं, एवढंच ठाऊक. वाटेत आडवं येणारं पाणी बघितलेलं नसतं.

मावशीकडे उजनीवर पूल मंजूर झालाय, चांगलं झालं. पण मावशीची नात, म्हणजे मुलाची मुलगी, आता लग्नाची आहे. परवा पलीकडचं स्थळ आलं होतं. पोरगा नोकरीला, बागायत, सगळं चांगलं. मावशीनं पत्रिकासुद्धा बघू दिली नाही.