धक्का द्यावा, पण बेताने

केळकर संग्रहालयात हात मागे बांधून हिंडायची सवय असलेल्या माणसाला पिनबॉलचं, म्हणजे काचेखालच्या उतारावर गोळी खेळवायच्या यंत्रांचं, संग्रहालय झेपत नाही. न्यू जर्सीतल्या मुलाला ‘रविवारी आईबाबांना कुठे न्यायचं’ हा प्रश्न पडला, की ॲस्बरी पार्कच्या समुद्रकाठी आपली रवानगी होते. तिथे नाणी टाकायची नाहीत. पैसे वेळेचे, यंत्र हवं ते. वेळेचे पैसे म्हटल्यावर पुणेकर वसुलीला लागतो आणि दोन्ही बटणं एकदम बडवत सुटतो. मग सुमारे ८० ग्रॅमची पोलादी गोळी दोन फ्लिपरांच्या, म्हणजे बटणाने उडणाऱ्या दांड्यांच्या, मधून शांतपणे खाली जाते.

एका वेळी एकच फ्लिपर उडवावा. गोळी घरंगळत आली तर फ्लिपर उचलून नुसता धरून ठेवावा, ती कोपऱ्यात येऊन बसते. मग फ्लिपर सोडायचा. गोळी फ्लिपरच्या बुडाशी असताना उडवली तर त्याच बाजूला जाते, टोकाशी गेल्यावर उडवली तर पलीकडे. सगळी विद्या एवढीच. पण थांबायचं कुणी?

१९४७च्या आधीच्या यंत्रांना फ्लिपरच नाहीत. तिथे यंत्राला धक्के द्यायचे आणि नशिबाला बोल लावायचा. न्यूयॉर्कने १९४२ साली पिनबॉलला जुगार ठरवलं, ते १९७६पर्यंत. माझ्या मते त्यात नगरपालिकेचं फारसं चुकलं नव्हतं.

धक्का मात्र आजही चालतो. पीएमपीएमएलच्या गर्दीच्या बसमध्ये ‘जरा पुढे सरका’ म्हणताना खांदा लावतो, तेवढाच. आत धातूच्या कड्यात एक लंबक टांगलेला असतो. तो कड्याला टेकला की ‘टिल्ट’. फ्लिपर मरतात, गोळी गेली. नव्या यंत्रांत आधी ताकीद मिळते. ताकीद मिळताच पुन्हा ढकलू नये, कारण लंबक अजून झुलत असतो. हे सांगूनही काका ढकलतातच.

खेळता खेळता फ्लिपर मऊ पडला तर बहुधा त्याला उडवणारी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, तापलेली असते. यंत्र बदलावं. गोळी अडकली तर नवं यंत्र थोड्या वेळाने आतली कॉइलं उडवून तिला स्वतःच शोधतं. जुनं शोधत नाही. तिथल्या माणसाला बोलवावं. तो काच सरकवून गोळी काढत असताना यंत्रात नेमका काय बिघाड आहे, हे त्याला मराठीतून समजावून सांगू नये.