इतिहास ९५४ च्या कपाटात नसतो

"मॅडम, लायब्ररीत बहात्तरच्या दुष्काळावर एकपण पुस्तक नाही. मी कॉम्प्युटरवर बघितलं."

तिसऱ्या वर्षाची मुलगी. फील्ड प्रोजेक्टचा विषय 'आमच्या गावातला १९७२ चा दुष्काळ'. विषय मीच तिच्या गळ्यात मारलेला, त्यामुळे हातातले पेपर बाजूला ठेवून तिच्याबरोबर जाणं आलंच.

ती खोटं बोलत नव्हती. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत ९५४ क्रमांकाचं कपाट आहे. ड्यूईच्या दशांश पद्धतीत भारताचा इतिहास ९५४. तिथे शिवाजी महाराज आहेत, पेशवाई आहे, १८५७ आहे आणि एकाच गाइडच्या अकरा प्रती आहेत. दुष्काळ नाही. तो तिथे असणारही नाही, कारण पुस्तक दाखल करणाऱ्याच्या लेखी दुष्काळ म्हणजे शेती, मग ते ६३० ला जातं. रोजगार हमी म्हणजे मजूर, ते ३३१ ला. आणि सरकारी अहवाल? ते कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात, आणि त्याची किल्ली कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये.

एकोणीस वर्षं इतिहास शिकवतेय. 'प्राथमिक साधने आणि दुय्यम साधने' यावर टीप लिहा, गुण पाच, हे दरवर्षी तपासते. मुलं सुरेख लिहितात. पण ही साधनं आपल्याच इमारतीत, दोन जिने उतरल्यावर, नेमकी कुठल्या कपाटात आहेत हे आम्ही त्यांना कधी दाखवलेलं नाही. 'आम्ही' म्हणजे मीसुद्धा. माझं सरळ मत आहे की इतिहासाची साधनं इतिहासाच्या कपाटात नसतात, आणि हे न सांगता मुलांना संशोधन करायला लावणं म्हणजे विहीर न दाखवता हातात पोहरा देणं.

आता गॅझेटियरचंच घ्या. मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेले जिल्हावार माहितीचे जाडजूड ग्रंथ, कॅम्पबेलने संपादित केलेले. नगरचा खंड १८८४ चा. मुलं तो उघडतात (उघडलाच तर) आणि थेट इतिहासाचं प्रकरण काढतात. तिथे यादव, निजामशाही, मराठे, इंग्रज असं सगळं ओळीने. १८७६-७७ चा दुष्काळ मात्र शेतीच्या प्रकरणात, अगदी शेवटी. सावकार, कर्ज, गहाणखत हे सगळं भांडवलाच्या प्रकरणात. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, ती हकीकत पुण्याच्या खंडात अशीच भांडवलात सापडते. इंग्रज अधिकाऱ्याला तो इतिहास वाटलाच नाही, त्याच्यासाठी ती व्याजदराची भानगड होती! आपण वाचताना त्याची विभागणी मोडायची असते. हे गॅझेटियर आता नेटवर फुकट आहेत, तरी मी मुलांना जाडजूड खंडच हातात देते. पीडीएफमध्ये शब्द शोधला की शब्दच सापडतो, शेजारचं पान दिसत नाही.

कॉम्प्युटरवर काही का सापडलं नाही, त्याचं कारण आणखी मजेदार निघालं. आमची सूची काही वर्षांपूर्वी घाईघाईने संगणकावर चढवली गेली, मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत टाकून. टाकणारा पोरगा कंत्राटी, त्याला पुस्तकामागे पैसे. मग 'दुष्काळ' कुठे एका ए ने, कुठे दोन ए ने, आणि एका ठिकाणी 'दुश्कल'. चार प्रकारे टाइप केल्यावर तीन पुस्तकं उगवली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग आम्ही ॲक्सेशन रजिस्टर मागितलं, म्हणजे लायब्ररीत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही. मोठ्या लाल कापडी बांधणीचं, १९६० च्या दशकापासूनचं. लायब्ररीतलं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक हेच. तारीख, लेखक, नाव, किंमत, कुठून आलं, आणि शेवटी 'शेरा'. गावातल्या एका वकिलांनी दिलेल्या देणगीची चार पानं लागोपाठ लागली, आणि त्यात १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका! ही पुस्तिका म्हणजे खजिना आहे. प्रत्येक गावाची एक ओळ असते. लोकसंख्या, जमीन, शाळा, पोस्ट, पिण्याचं पाणी कुठून. पाण्याच्या रकान्यात तिच्या गावापुढे फक्त 'डब्ल्यू' होतं, म्हणजे विहीर. "मॅडम, ती विहीर अजून आहे, कोरडीच असते," ती म्हणाली. दुष्काळाच्या आदल्या वर्षी अख्ख्या गावाचं पाणी एका अक्षरावर होतं. प्रोजेक्टचं पहिलं पान तिथेच झालं.

पण खरं घबाड कॉलेजच्या वार्षिकांकात मिळालं. १९७२-७३ चा अंक, कडा वाळवीने कुरतडलेल्या. मनोगतात प्राचार्य लिहितात की यंदा स्नेहसंमेलन नाही. पुढे कला शाखेच्या एका विद्यार्थ्याचा लेख. तो सुट्टीत पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेला होता. बोटं सोलू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बोटांना बांधायचे, मुकादम हजेरी कशी लावायचा, सुकडी (दुष्काळात वाटायचा पौष्टिक खाऊ) वाटायची गाडी आली की पोरं कशी पळायची, मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी कशी घशाखाली उतरत नसे, सगळं आहे. आणि मध्येच एक वाक्य: आमचे वर्गशिक्षक त्या रस्त्याने गेले तेव्हा मी तोंड फिरवलं. कुठल्या सरकारी अहवालात हे सापडेल? आणखी एक, अंकाच्या शेवटी दुकानदारांच्या जाहिराती असतात. आदल्या अंकांशी ताडून पाहिलं तर त्या वर्षी जाहिरातींची पानं निम्म्यावर आलेली. बाजारपेठेत काय चाललं होतं ते न लिहिताही लिहिलेलं.

एन-लिस्टचा (कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकं देणारी योजना) पासवर्ड, शोधगंगा (विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) ही सोय चांगलीच आहे, तक्रार नाही. शोधगंगेवर प्रबंध वाचायला गेलात तर आधी शेवटची संदर्भसूची वाचा, अर्धं काम तिथेच होतं. पण वार्षिकांकातला तो मुलगा शोधगंगेवर नाही.

आता ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसले ते. रजिस्टरमधल्या त्या 'शेरा' रकान्यात ठिकठिकाणी लाल शाईत 'रद्द' लिहिलंय. निर्लेखन. जुनी, फाटकी, कुणी न नेलेली पुस्तकं काढून टाकणं, ते नियमाने करावंच लागतं, जागा नसते. पण निकष काय, तर पाच वर्षांत किती वेळा बाहेर गेलं. मी जिथे शिकले त्या कॉलेजने (नाव घेत नाही) वर्तमानपत्रांचे बांधीव खंड असेच टेम्पोत भरून किलोवर घातले. संदर्भाचे ग्रंथ घरी द्यायचेच नाहीत असा नियम, आणि वर 'कुणी नेलं नाही' म्हणून ते रद्द! गाइडच्या अकरा प्रती मात्र सुखरूप, कारण त्यांची मागणी दांडगी.

ग्रंथपालांवर राग नाही. एक माणूस, हजारो पुस्तकं आणि मूल्यांकन समिती येणार म्हटलं की रंगरंगोटी. पण रद्दच्या ढिगावर सही करण्याआधी इतिहासाच्या एका माणसाला अर्धा तास त्या ढिगाजवळ बसू द्या, एवढंच मागणं आहे. आमच्याकडे यंदापासून ते मान्य झालंय. शिपाईमामांनी मला स्टूलही आणून ठेवलंय.

मुलगी आता तो लेख लिहिणाऱ्याला शोधतेय. अंकात नाव आहे, गाव आहे, आज सत्तरी ओलांडलेली असेल. आणि १९७३-७४ चा अंक आमच्याकडे नाही, रजिस्टरमध्ये नोंद आहे पण कपाटात जागा रिकामी. नगर (आता अहिल्यानगर), बीड, सोलापूर, उस्मानाबाद (आता धाराशिव) इकडच्या कुठल्याही कॉलेजचे १९७१ ते ७४ चे वार्षिकांक कुणाच्या माळ्यावर असतील तर दिवाळीच्या साफसफाईआधी मला मेसेज करा. फोटो काढून पाठवलेत तरी चालेल. जाहिरातींची पानंसुद्धा.