समुद्राची थ्री फेज

'एमएच १९? जळगाव का! सांभाळून हां, समुद्रात पाणी असतं.' रायगड जिल्ह्यातल्या कोरलई किल्ल्याच्या पायथ्याशी पार्किंगची पावती फाडणाऱ्या पोराने असं ऐकवलं आणि सुटे दहा रुपये खिशात घातले. अरे, आमची तापी सुरतेपलीकडे याच अरबी समुद्रात ओतते म्हटलं! पण तोवर तो पुढच्या गाडीकडे गेला होता.

कुंडलिका नदीच्या मुखाशी समुद्रात घुसलेली ही डोंगराची सोंड. ओहोटीमुळे खालचे खडक उघडे पडले होते. सोबतचे आबा चोपड्याचे, केळीवाले. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"पानी कोठे गयं रे भो?"

"ओहोटी आहे, आबा. सहा तास उतरतं, सहा तास चढतं."

"रोज त्याच टायमाले?"

"नाही, रोज पाऊण तासाने पुढे सरकतं."

"म्हणजे आपल्या शेतपंपाची थ्री फेज लाइटच. टाइमटेबल कोन लावस?"

"चंद्र."

"त्याले अर्ज कोठे देवाना?"

मग त्यांना कोळ्यांचा हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण. आबांनी कॅलेंडरवाल्या घाईने उत्तर दिलं, "आज पंचमी. पावणेचारले भरती. दुपारच्या आत खडकावरून निघा!" आकडा बरोबर होता, हेच जास्त झोंबलं.

खडकावर चालायची रीत अशी, की हिरव्या शेवाळावर पाय नको. कालवं चिकटलेल्या खरबरीत दगडावर पकड मिळते. पण चप्पल काढलीत तर तीच कालवं तळवा चिरतात. आबांनी काढलीच. एक खेकडा खडकाच्या दोन बोटं रुंद फटीत आडवा शिरला, तेवढ्यात वरून पांढऱ्या डोक्याची, विटकरी पंखांची ब्राह्मणी घार घिरटी घालून गेली.

दीपगृहाजवळून पायऱ्या चढतात. सावली शून्य, पाणी दोन लिटर तरी बाळगा. किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. तोफा, बिनछपराचं चर्च, सगळ्यांचे फोटो झाले. आबा मात्र टाक्याशी बसले. चहूकडे खारं, आणि डोंगरावर पावसाचं गोडं पाणी साठवायची सोय!

"त्या काळी हे जमलं," आबा म्हणाले. "आमच्या शेततळ्याचं प्लास्टिक दुसऱ्याच उन्हाळ्यात फाटलं, ठेकेदार फोन उचलत नही."

कोणी तरी आठवण करून दिली, की खाली भरती लागली असेल. आबा उठले नाहीत.

"समुद्राले निदान तिथी तरी कळस. गावात नळाले पानी कोणत्या तिथीले येस, ते चंद्रालेबी माहीत नही."