कापेपर्यंत वायू नसतोच

‘कांद्यात डोळ्यांना झोंबणारा वायू साठलेला असतो’ हे तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. निफाडजवळ आमची कांदाचाळ आहे. उन्हाळ कांदा भरताना दिवसभर ढिगात बसतो, धुळीने शिंका येतात, पण डोळ्यांत टिपूस नाही! घरी मात्र सुरी लावली की एकच कांदा रडवतो. वायू तयारच होतो पेशी फुटल्यावर. आतली गंधकयुक्त द्रव्यं आणि विकरं (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) तेव्हा कुठे एकमेकांना भेटतात. त्यातलं नेमकं रडवणारं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, म्हणजे तसं कालपरवाच.

मिसळीच्या वाटणाला आई अख्खा कांदा चुलीत भाजायची. चवीसाठीच, पण उष्णतेने विकर निकामी होऊन डोळेही वाचायचे. फ्रिजमध्ये गार करून कापायचा तुमचा उपाय मात्र बरोबर आहे.