श्रावणातली फ्रेंच जत्रा

१५ ऑगस्टला फ्रान्समध्येही सुट्टी असते हे तुलूजला नोकरीला आल्यावर कळलं, तेव्हा माझा ऊर भरून आला होता. ती सुट्टी मारियामातेच्या स्वर्गारोहणाची निघाली. असो. इथल्या बऱ्याच खेड्यांच्या जत्रा याच सुमारास भरतात. अडचण एवढीच, की १५ ऑगस्ट बहुतेकदा श्रावणात पडतो आणि मी श्रावण पाळतो. एरवी कोंबडी-मटणाला आणि ग्लासालाही माझी ना नसते, पण हा एक महिना नाही म्हणजे नाही. आता हे फ्रेंच माणसाला समजावून सांगा.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं गाव आवेरों जिल्ह्यात, ओब्राकच्या पठारावर. "जत्रेला ये, रात्री गावजेवण आहे," तो म्हणाला. "येताना ताट, काटे-चमचे आणि स्वेटर आण." गावजेवणाला भांडी घरून न्यायची तिथे पद्धत आहे. ऑगस्टमध्ये स्वेटर कशाला, याचा उलगडा हजार मीटर चढून गेल्यावर आणि सूर्य मावळल्यावर झाला.

गावात शिरल्या शिरल्या गालाला गाल लावून भेटायचा कार्यक्रम. दोनदा की तीनदा, यावर त्या गावातच एकमत नव्हतं. तिसऱ्यासाठी मी गाल पुढे केला की समोरचा पुढे सरकलेला असायचा. नाही केला की नाकावर नाक. लांबून नमस्कार करण्यात आपल्या पूर्वजांनी केवढं शहाणपण दाखवलं आहे!

दुपारी गाईची लॉटरी होती. कुरणावर चुन्याने चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनाला नंबर. आपण नंबराचं तिकीट घ्यायचं, मग गाय आत सोडायची. ती ज्या चौकोनात शेण टाकेल तो विजेता. ओब्राकची गाय मोठी देखणी. गव्हाळ अंग आणि डोळ्यांना काजळाची रेघ. तिने सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि निवांत चरायला लागली. मेयरपासून पोराटोरांपर्यंत अख्खं गाव तिच्या शेपटीकडे डोळे लावून उभं. शेपटी हलली की टाळ्या, ती माशीसाठी हलली होती हे कळलं की उसासे. लहानपणी शेण चुकवत उड्या मारत शाळेत गेलेला मी, मनातल्या मनात विनवत होतो, "टाक बाई, माझ्या चौकोनात टाक!" शेवटी तिने टाकलं ते नेमकं दोन चौकोनांमधल्या रेघेवर. टेप आणली गेली. दोन्ही बाजूंनी मोजमापं, हरकती. माझा चौकोन त्यांत नव्हता, तरी मत मी दिलंच.

जेवणाची वेळ पोस्टरवर आठची होती. आठ वाजता एकही माणूस बसलेला नव्हता. सगळे उभ्याने पास्तीस, म्हणजे बडीशेपेच्या स्वादाची दारू, पीत गप्पा मारत होते. श्रावण असल्यामुळे मी पुदिन्याचं सरबत मागितलं. ते हिरवंगार सरबत पिणारे बाकीचे सगळे दहा वर्षांच्या आतले होते. त्यांनी मला आपल्यात घेतलं. सूर्य नऊच्या आसपास मावळला, दिवे लागले, आणि तेव्हा कुठे चर्चसमोरच्या लांबलचक टेबलांवर मंडळी टेकली. आपल्या पंगतीत शेवटचा घास घेईपर्यंत पुढच्या पंगतीचा उमेदवार पाठीशी येऊन उभा राहतो. इथे पाठीमागे कुणीच नाही, त्यामुळे उठायचं कारणही कुणाला सापडत नाही.

माझं स्टीलचं ताट पाहून सगळे खूश झाले. त्यावर काय कोरलंय, असं शेजारच्या काकांनी विचारलं. कुणाच्या तरी लग्नात मिळालेलं ताट. वधू-वरांची नावं वाचून दाखवली. काकांनी त्यांच्या नावाने ग्लास उंचावला. मग खिशातून लायोलचा मिटणारा चाकू काढला. त्या एकाच चाकूने पाव कापला, खरबूज कापलं, पुढे चीजही कापलं. शेवटी पाती पावाच्या तुकड्याला पुसली, तो तुकडा खाल्ला आणि चाकू मिटून खिशात. भांडी घासायचा प्रश्न पिढ्यानपिढ्या सुटलेला.

खरबुजासोबत हॅम आलं. दुसऱ्या बाजूला बसलेल्या आजीबाईंना मी श्रावण समजावला. त्यांना वाटलं, ईस्टरच्या आधीचे उपवास. "पण ते ऑगस्टात?" मी म्हटलं, आमच्याकडे ऑगस्टातच. त्यांनी मान डोलावली आणि माझं हॅम उचललं.

मग आला अलिगो. उकडलेला बटाटा, तोम नावाचं ताजं चीज, साय आणि लसूण एका हंड्यात घालून दोघे जण वल्ह्याएवढ्या लाकडी पळ्यांनी घोटत होते. मध्येच पळी डोक्याच्या वर नेली की तार तुटत नाही, नुसती लांबत जाते. तुटली की घोटणाऱ्याची अब्रू गेली. पूर्वी ओब्राकच्या मठातले साधू स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना असंच काहीतरी वाढायचे, म्हणतात. त्यात बटाटा मागाहून आला. ताटात पडलेला तो गोळा मी चमच्याने उचलला, तर निम्मा ताटातच अडकून राहिला. उभं राहिलो, तरी तार तुटेना. आजूबाजूचे मोठमोठ्याने सूचना देत होते. पण चव अशी, की पोटाने तीन तासांचा राग सोडला. वर ठेवलेलं हातभर सॉसेज मात्र परत करायला निघालो, तर आजीबाई आणि काका यांच्यात त्यावरून जुंपली. ते चाकूने दोन तुकडे करून मिटलं. तोपर्यंत समोरच्या बाकावरच्यांनाही श्रावणात रस वाटू लागला होता.

चीज येईपर्यंत बारा वाजले, केक येईपर्यंत अकॉर्डियन सुरू झालं आणि आजीबाई नाचून दोनदा परत आल्या. मी स्वेटरमध्ये हात घालून जांभया आवरत होतो. तेवढ्यात उत्सव समितीचा माणूस माईकवर आला : सकाळी आठ वाजता सगळ्यांनी न्याहारीला यायचं आहे, त्रिपू आहे. त्रिपू म्हणजे काय ते काकांनी हातवारे करून दाखवलं. वासराच्या वजडीची पुरचुंडी, दोऱ्याने बांधून रात्रभर शिजवलेली. सकाळी आठ वाजता!

आजीबाईंनी माझा दंड धरला. "उद्या माझ्याच शेजारी बस," त्या म्हणाल्या. "ते तुमचं उद्याही आहे ना?"