शाळेचे मैदान क्लबांच्या हवाली करण्याआधी

अमेरिकेतील सरकारी हायस्कुलांविषयीचा एक दावा मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये, इथल्या आणि तिथल्याही, सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: अमेरिकन हायस्कुलात खेळ आधी आणि अभ्यास नंतर; तेथे गणितापेक्षा खेळावर जास्त पैसा खर्च होतो; म्हणूनच आंतरराष्ट्रीय चाचण्यांत अमेरिकन मुले मागे पडतात; खेळणारी मुले अभ्यासात कच्ची राहतात आणि त्यांना शिष्यवृत्तीच्या आशेवर झुलवले जाते; तेव्हा युरोपाप्रमाणे खेळ शाळेबाहेर काढून क्लबांकडे सोपवावेत. यातील काही निरीक्षणे खरी आहेत आणि ती मान्य करण्यात मला कसलीही अडचण नाही. मात्र त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो अमलात आला तर त्याची किंमत श्रीमंत घरातील मुले चुकवणार नाहीत, म्हणून हा प्रतिवाद.

पहिला मुद्दा पैशाचा. ‘गणितापेक्षा खेळावर जास्त’ या वाक्याचा उगम बहुतेक वेळा एकाच आकडेवारीत सापडतो. मार्गरीट रोझा या शिक्षण-अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी वायव्य अमेरिकेतील एका सरकारी हायस्कुलाचे हिशेब तपासले, तेव्हा तेथे गणिताच्या शिकवणीवर दर विद्यार्थ्यामागे ३२८ डॉलर, तर चीअरलीडिंगवर त्यात भाग घेणाऱ्या दर मुलीमागे १,३०० डॉलरहून अधिक खर्च होत असल्याचे दिसले. आकडा खरा आहे आणि रोझा यांचा हेतूही योग्य होता, कारण शाळांना आपला पैसा नेमका कुठे जातो हे बहुधा ठाऊकच नसते. परंतु हा दरडोई खर्च आहे. गणित जवळजवळ सगळी मुले शिकतात आणि चीअरलीडिंगमध्ये मूठभर असतात. समजा, शाळेत १,००० विद्यार्थी आहेत आणि चीअरलीडिंगमध्ये ३० मुली आहेत, तर त्याच दराने गणितावर ३,२८,००० डॉलर आणि चीअरलीडिंगवर ३९,००० डॉलर खर्च होतील. दरडोई आकडा एकूण खर्च म्हणून सांगितला की अर्थ नेमका उलटा होतो, आणि एका शाळेचा हिशेब १३,००० हून अधिक स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग) असलेल्या देशाचा हिशेब म्हणून मांडला की तो आणखी बिघडतो. हायस्कुलांतील खेळ व इतर उपक्रमांचे नियम ठरवणारा राष्ट्रीय महासंघ सांगतो की खेळ, संगीत, नाटक, वादविवाद अशा साऱ्या उपक्रमांवर मिळून शिक्षणखर्चाच्या १ ते ३ टक्केच रक्कम जाते. महासंघ खेळांच्याच बाजूचा आहे, त्यामुळे हा आकडाही मी जपूनच घेईन. पण तो दुप्पट धरला तरी ‘गणितापेक्षा जास्त’ ठरत नाही.

याच मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ टेक्सासातील अ‍ॅलन शहराच्या स्टेडियमचे छायाचित्र हमखास जोडलेले असते. १८,००० आसनांचे हे स्टेडियम सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून २०१२ मध्ये उभे राहिले आणि दोनच वर्षांत बांधकामाला तडे गेल्याने दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागले. एका हायस्कुलाच्या संघासाठी इतका खर्च करणे मला असमर्थनीय वाटते. तरीही दोन गोष्टी सांगायला हव्यात. हा पैसा नागरिकांनी २००९ मध्ये मतदानाने मंजूर केलेल्या रोख्यांतून आला होता, आणि अशा रोख्यांचा पैसा इमारती व साधनसामग्री यांवरच खर्चता येतो, शिक्षकांच्या पगारावर नाही. त्यातून प्रयोगशाळा बांधता आल्या असत्या, हे मात्र खरे, आणि टीका करायची तर ती तेथे करावी. दुसरे म्हणजे टेक्सासच्या श्रीमंत उपनगरातील फुटबॉल (म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे, तर टक्कर देत खेळायचा अमेरिकन फुटबॉल) पाहून मिनेसोटातील स्कीइंगच्या किंवा न्यूयॉर्कमधील क्रॉस कंट्रीच्या संघाविषयी निकाल देता येत नाही.

आता चाचण्यांचा मुद्दा. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी अनेक देशांत घेतल्या जाणाऱ्या पीसा या चाचणीत २०२२ मध्ये अमेरिकेला गणितात ४६५ गुण मिळाले आणि विकसित देशांची सरासरी ४७२ होती, म्हणजे अमेरिका गणितात मागे आहे, हे मान्य. वाचनात मात्र तिला ५०४ गुण होते आणि सरासरी ४७६ होती. विज्ञानात ४९९, तर सरासरी ४८५. मैदानामुळे अभ्यास बुडत असेल, तर तो एकाच विषयात का बुडावा? शिवाय दावा करणारे ज्या युरोपीय देशांकडे बोट दाखवतात, त्यांचे गुणही पाहावेत. जर्मनी आणि फ्रान्स येथे स्पर्धात्मक खेळ प्रामुख्याने गावोगावच्या क्लबांत चालतात. त्यांना त्याच वर्षी गणितात ४७५ आणि ४७४ गुण मिळाले. नॉर्वेला ४६८ आणि आइसलँडला ४५९ मिळाले, आणि हे दोन्ही देश क्लब पद्धतीचेच आहेत. फिनलंडचे नाव तर या मजकुरात हटकून येते. २००३ मध्ये ५४४ वर असलेला तो देश २०२२ मध्ये ४८४ वर आला, आणि या साऱ्या काळात त्याचे खेळ शाळेबाहेरच होते.

उलट उदाहरण जपानचे आहे. तेथे शाळेतील क्रीडापथके हा विद्यार्थिजीवनाचा इतका मोठा भाग आहे की हायस्कुलांची उन्हाळी बेसबॉल स्पर्धा, जी १९१५ पासून चालत आली आहे, साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेते. जपानला २०२२ मध्ये गणितात ५३६ गुण होते. तेथे अलीकडे माध्यमिक शाळांतील शनिवार-रविवारचा सराव स्थानिक संस्थांकडे वळवला जात आहे खरा, पण शिक्षकांवरील कामाचा ताण आणि मुलांची घटती संख्या ही त्याची कारणे आहेत. खेळामुळे गणित बिघडले, असे तेथे कोणी म्हटलेले नाही. खुद्द अमेरिकेतही मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१५ च्या पीसा चाचणीत स्वतंत्रपणे भाग घेतला, तेव्हा त्याचे वाचनाचे ५२७ गुण जगातील अग्रगण्य देशांच्या तोडीचे होते. मॅसॅच्युसेट्सच्या हायस्कुलांतही फुटबॉल, हॉकी आणि बास्केटबॉलचे संघ आहेत. राज्याराज्यांतला हा फरक खेळाने समजत नाही. तो समजून घ्यायचा तर गरिबी, शिक्षकांची तयारी आणि शाळांना मिळणारा निधी यांकडेच पाहावे लागते.

खेळणारी मुले अभ्यासात कच्ची राहतात, या विधानाला व्यवस्थेचे नियमच आडवे येतात. टेक्सासने, म्हणजे फुटबॉलवेड्या समजल्या जाणाऱ्या राज्यानेच, १९८४ मध्ये असा कायदा केला की जो विद्यार्थी एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण मिळवील, त्याला काही आठवडे संघाबाहेर बसावे लागेल. पालक न्यायालयात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये कायदा कायम ठेवला. अशा पात्रतेच्या अटी आज इतर राज्यांतही आहेत. त्या पळवाटांनी चुकवल्या जातात, प्रशिक्षकाच्या दबावाने गुण वाढवले जातात, हे घडतेच. तरी नियम काय अपेक्षा ठेवतो, हे या दाव्यात कधीच सांगितले जात नाही.

खेळाच्या बाजूने बोलणारेही येथे एक चूक करतात आणि ती मला करायची नाही. खेळाडूंचे गुण व उपस्थिती इतरांपेक्षा चांगली असते, असे ते सांगतात. पण नापास होणाऱ्याला संघात घ्यायचेच नाही असा नियम असेल, तर संघातील मुले सरासरीने बरी दिसणारच. खेळाने ती तशी झाली की ती आधीच तशी होती, हे या तुलनेतून कळत नाही. म्हणूनच अर्थतज्ज्ञ बेट्सी स्टीव्हनसन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन मला मोलाचे वाटते. १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि सरकारी निधी घेणाऱ्या शाळांना मुलींशी भेदभाव करण्यास मनाई झाली. १९७१-७२ मध्ये हायस्कुलांच्या संघांत २,९४,०१५ मुली होत्या; १९७८ पर्यंत ही संख्या २० लाखांच्या पुढे गेली. मुली एकाएकी खेळप्रेमी झाल्या होत्या असे नाही, दार उघडले होते. ज्या राज्यांत आधीपासून मुलग्यांचा सहभाग मोठा होता, त्यांना समानतेसाठी मुलींचे संघही जास्त वाढवावे लागले. म्हणजे मुलींची स्वतःची आवड किंवा हुशारी यांच्याशी संबंध नसलेल्या कारणाने काही राज्यांत संधी अधिक वाढली, काहींत कमी, आणि त्या फरकाचा परिणाम मोजता आला. मुलींचा सहभाग १० टक्केबिंदूंनी वाढला, तेथे महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे १ टक्केबिंदूने आणि पुढे नोकरी-व्यवसायात असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १ ते २ टक्केबिंदूंनी वाढले, असे स्टीव्हनसन यांना आढळले. हा परिणाम चमत्कारासारखा प्रचंड नाही. पण खेळ शिक्षणाला खाऊन टाकतो, या म्हणण्याच्या तो थेट विरुद्ध दिशेचा आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न मात्र खरा आहे. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉयमधील दहा हायस्कुलांचा अभ्यास करून १९६१ मध्येच दाखवले की मुलांच्या जगात हुशार विद्यार्थ्यापेक्षा खेळाडूचा मान मोठा असतो. इतिहास शिकवता येतो की नाही यापेक्षा फुटबॉल शिकवता येतो का, हे पाहून शिक्षक नेमले जाणे, हेही काही ठिकाणी घडते आणि ते निषेधार्ह आहे. पण कोलमन यांनी सुचवलेला उपाय ध्यानात घेण्याजोगा आहे: अभ्यासातही शाळा-शाळांमध्ये सामने व्हावेत, म्हणजे गणितात चमकणारा विद्यार्थी केवळ स्वतःसाठी नव्हे तर शाळेसाठी जिंकेल. एकाला मिळणारा मान दुसऱ्यालाही मिळावा, हा त्याचा अर्थ. पहिल्याचा काढून घ्यावा, हा नव्हे.

दक्षिण टेक्सासातील प्रीमॉन्टचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. २०१२ मध्ये या छोट्या डिस्ट्रिक्टने सर्व खेळ बंद केले आणि पुढच्या सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण वाढले, इथवर बरोबर. परंतु आर्थिक गैरव्यवस्था आणि निकृष्ट निकाल यांमुळे राज्य तो डिस्ट्रिक्टच बंद करण्याच्या बेतात होते. खेळ बंद करणे हा शेवटच्या घटकेच्या धडपडीतला एक उपाय होता, आणि त्याच वेळी बाकी कारभारही बदलला जात होता. सुधारणेतला किती वाटा कशाचा, हे सांगता येत नाही. संकट ओसरल्यावर तेथे खेळ परत आणले गेले, ही ओळ मजकुरातून गळालेली असते.

शिष्यवृत्तीबाबत दावा करणाऱ्यांशी मी बराचसा सहमत आहे. हायस्कुलात खेळणाऱ्यांपैकी साधारण २ टक्के मुलांनाच महाविद्यालयाची काही प्रमाणात क्रीडा शिष्यवृत्ती मिळते. हार्वर्ड, येल यांसारख्या आयव्ही लीग विद्यापीठांत आणि महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांच्या तिसऱ्या विभागात (डिव्हिजन थ्री) खेळणाऱ्या महाविद्यालयांत ती मुळी दिलीच जात नाही. मुलाच्या खेळाकडे पदवीचा खर्च वाचवण्याची योजना म्हणून पाहणाऱ्या पालकांना, आणि त्यांत आपलेही अनेक आहेत, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. मात्र दरवर्षी ८० लाखांच्या आसपास सहभाग नोंदवला जातो आणि त्यातील बहुतेकांचे स्पर्धात्मक खेळणे अठराव्या वर्षी संपते, याचा अर्थ ही मुले शिष्यवृत्तीसाठी नव्हे, तर खेळासाठी खेळतात असाच घ्यावा लागतो.

डोक्याच्या दुखापतींचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार बसूनही फुटबॉलच्या सामन्यात परत उतरला आणि कायमचा जायबंदी झाला. त्याच्या नावाने २००९ मध्ये झालेल्या कायद्याने मेंदूला इजा झाल्याचा संशय येताच खेळाडूला बाहेर काढणे आणि तज्ज्ञाच्या लेखी संमतीशिवाय परत न घेणे बंधनकारक केले, आणि काही वर्षांतच सर्व राज्यांनी या विषयावर कायदे केले. अमेरिकन फुटबॉलवर आणखी कडक बंधने यावीत, असे माझे मत आहे. पण हा आक्षेप एका विशिष्ट खेळावर आहे. त्याच्यासाठी पोहणे, टेनिस आणि धावणे यांना शाळेबाहेर घालवण्याचे कारण नाही; आणि फुटबॉल क्लबात गेला तर टक्कर सौम्य होईल, असेही नाही.

आता क्लबांचा प्रस्ताव. जर्मनीतील क्लब हे शंभर-दीडशे वर्षांच्या परंपरेतून आलेले, सभासदांच्या मालकीचे, नगरपालिकेच्या मैदानांवर अल्प वर्गणीत चालणारे मंडळ आहे. अमेरिकेत ‘क्लब’ म्हणजे बहुतांशी खासगी संघ: प्रशिक्षकाची फी, गणवेश, दूरच्या स्पर्धांचा प्रवास, हॉटेल. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत एका मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च १,०१६ डॉलर आढळला. शाळेतून खेळ काढले तर ते जर्मन क्लबांत जाणार नाहीत, या बाजारात जातील, आणि तेथे दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या आईची मुलगी पोहोचणार नाही.

शाळेने खेळ आपल्याकडे घेतला, त्यामागे हाच विचार होता. न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली शारीरिक शिक्षणाचे पुरस्कर्ते ल्यूथर गुलिक यांच्या पुढाकाराने सरकारी शाळांची क्रीडा लीग स्थापन झाली, तेव्हा शहरातील शाळा नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनी भरल्या होत्या, आणि त्यांना मोकळी जागा मिळत नव्हती. त्याच लीगने २००८ मध्ये क्रिकेटला अधिकृत खेळाचा दर्जा दिला. क्वीन्स आणि ब्रुकलिनमधील भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, गयानी आणि जमैकन घरांतली मुले आपल्या शाळेचे नाव छातीवर घेऊन क्रिकेट खेळू लागली. खासगी क्लबाच्या हिशेबात हा खेळ बसला असता की नाही, याची मला शंका आहे. सार्वजनिक शाळेला मात्र तिच्या वर्गात बसलेली मुले कोण आहेत, हे पाहावेच लागते.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांता बार्बरा येथील एका खटल्यात असा निकाल दिला की संगीत, नाटक आणि खेळ हे शिक्षणाचेच भाग असल्याने त्यांसाठी मुलांकडून शुल्क घेणे हे राज्यघटनेतील मोफत शाळेच्या हमीचा भंग आहे. इतर अनेक राज्यांत असा अडसर नाही, आणि मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, ओहायो येथील कितीतरी डिस्ट्रिक्टांत संघात खेळायचे तर पालकांना आजही पैसे भरावे लागतात. अमेरिकन हायस्कुलांच्या खेळांविषयी तळमळ असणाऱ्यांनी मागणी करायचीच असेल, तर हे शुल्क रद्द करण्याची आणि स्टेडियमच्या रोख्यांना मर्यादा घालण्याची करावी.