खुलासा : एका रीडिंगवरून सिग्नल ठरत नाही

‘अँटेना एका जागी धरून घेतलेलं रीडिंग म्हणजे त्या अंतरावरची सिग्नलची ताकद’ असं सांगणारा संदेश फिरतोय. ते चूक आहे. इमारती, झाडं, जमीन यांवरून परावर्तित लहरी एकमेकींत मिसळून कुठे वाढतात, कुठे एकमेकींना मारतात. २.४ गिगाहर्ट्झला (वाय-फायची एक वारंवारता) तरंगलांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, त्यामुळे अँटेना चार बोटं सरकवली तरी रीडिंग २० डेसिबलने, म्हणजे ताकदीत शंभरपटीने, कोसळू शकतं. म्हणून सुमारे ४० तरंगलांब्या, म्हणजे ५ मीटर, अँटेना सरकवत निदान ५० नमुने घ्यावेत. सरासरी मात्र डीबीएमची (एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मांडलेल्या ताकदीची) नको, आधी मिलिवॉटमध्ये बदला (हे हमखास राहतं!). सिग्नल सोडणारा आणि तुमची अँटेना यांच्यात थेट दृष्टिरेषा नसेल तर या एका चुकीने उत्तर जवळपास अडीच डेसिबल कमी येतं.